घरचें मुकें माणूस आजारी पडतें तेव्हां

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक मांजर दगावलें. मांजर मेल्याची वार्ता मासिकाच्या पानावर द्यावी असा हा प्रसंग नव्हे, असें कित्येक वाचकांस वाटेल. एरवीं आम्हांसही तसेंच वाटलें असतें. पण तें कशानें मेलें हें कळल्यापासून मनाला जी टोचणी लागली आहे ती बोलून दाखविल्यावांचून जाणार नाहीं. आणि बोलल्यानें दुसऱ्या एखाद्या घरचा जीव वांचण्याचा संभव आहे. म्हणून आजचें पान त्यालाच दिलें आहे.

आमचें घर धाराशिवांत. लहानमोठीं सोळा माणसें एका चुलीवर जेवतात, आणि त्यांतला एक चुलतभाऊ चांगला पदवीधर डॉक्टर आहे. मनी नांवाची ही मांजरी पांच वर्षें घरांत होती. धाकट्या वहिनींच्या पायांत घोटाळणें हा तिचा दिवसभराचा व्यवसाय. त्या शनिवारीं संध्याकाळीं ती दुधाला तोंड लावीना, अंग तापलेलें लागलें. वहिनींनीं दवाखान्यांत गेलेल्या भाऊरावांस फोन लावला. ते रोग्यांच्या गर्दींत होते. "लहान मुलाला देतों त्याच्या निम्मी द्या, चालेल," एवढें घाईनें बोलून त्यांनीं फोन ठेवला. तापाची पांचशें मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून, ती दुधांत कालवून, वहिनींनीं मोठ्या मायेनें तिला पाजली. आम्ही सर्वजण तेथेंच होतों. "आतां उतरेल ताप," असें म्हणणारांत आम्हीही होतों.

पहांटे पाहिलें तों मनीचें तोंड सुजलेलें, श्वास धांपेचा, आणि हिरड्यांचा नेहमींचा गुलाबी रंग जाऊन तेथें कॉफीसारखा तपकिरी रंग आलेला. रविवार होता. गांवांत ज्यांचीं नांवें ठाऊक होतीं तेथें कोणी भेटलें नाहीं. शेवटीं सोलापुरास फोन लागला, गाडी काढली, आणि वहिनी मनीला मांडीवर घेऊन बसल्या. धाराशिवाहून सोलापूर सुमारें पासष्ट-सत्तर किलोमीटर. तुळजापूरचा घाट उतरून तामलवाडी येण्यापूर्वींच मनीची धडपड थांबली.

सोलापूरच्या पशुवैद्यांनीं फोनवर सर्व हकीकत ऐकून घेतली आणि कारण सांगितलें. तापाच्या त्या गोळींत जें पॅरासिटामॉल असतें तें माणसाचें यकृत एका विशिष्ट आम्लाशीं जोडून निर्विष करून टाकतें. मांजराच्या यकृतांत ही जोडणी करण्याची शक्ति जवळजवळ नाहींच. त्यामुळें औषधाचें विष बनतें, रक्ताच्या तांबड्या पेशी प्राणवायु वाहून नेण्यास निकामी होतात आणि रक्ताचा रंगच तपकिरी होतो. एक सबंध गोळी मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी आहे. मनीच्या वजनाला अर्धीही पुरली. पण याहून जिव्हारीं लागलें तें पुढचें. या विषावर उतारा आहे. त्याचें नांव अ‍ॅसिटिलसिस्टीन. हीच गोळी फाजील घेतलेल्या माणसालाही तेंच देतात, आणि तें भाऊरावांच्या स्वतःच्या दवाखान्यांत, घरापासून चार गल्ल्यांवर, कपाटांत होतें. रात्रींच कोणी विचारलें असतें तर वेळेचा हिशोब जमण्याचा पुष्कळ संभव होता. भाऊराव तेव्हांपासून या विषयावर फारसे बोलत नाहींत.

या प्रसंगानंतर आम्हीं चौकशी केली, आणि जें उमगलें तें असें. आमच्या जिल्ह्यांत जनावरांचे दवाखाने नाहींत असें नाहीं. आठही तालुक्यांत सरकारी व जिल्हा परिषदेचे दवाखाने आहेत. लोक त्यांना अजूनही "ढोराचा दवाखाना" म्हणतात आणि तें नांव अगदीं यथार्थ आहे. हा दुष्काळी टापू. येथें संसार चालतो तो बैल, म्हैस आणि शेळी यांच्या बळावर. सरकारदप्तरीं जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं धाराशिव झालें, पण येथली काळी शेळी मात्र सर्व देशांत अजून उस्मानाबादी याच नांवानें ओळखली जाते, इतका या मुलखाचा आणि जनावराचा संबंध जुना. तेव्हां पशुवैद्यकाची सारी मांडणी गोठ्याकडे तोंड करून झाली यांत नवल नाहीं, आणि त्यांत दोष काढण्याचाही आमचा हेतु नाहीं. मुंबईंत परळला बाई साकरबाई पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे आणि तेथेंच १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. त्या शहरांतल्या कुत्र्यामांजरांची सोय तेव्हांपासूनची. आमच्या बाजूला जवळचें असें महाविद्यालय म्हणजे लातूर जिल्ह्यांतील उदगीरचें. मध्यरात्रीं मांडीवर मांजर घेऊन कोणी उदगिरास पोहोंचत नाहीं.

माणसांसाठीं जसा १०८ तसा जनावरांसाठीं १९६२ हा फोनक्रमांक आहे, आणि त्यावर फिरता दवाखाना बोलावितां येतो. तोही मुख्यतः पशुधनासाठीं आहे. आपल्या तालुक्यांत तो कोणत्या वेळांत येतो आणि कुत्र्यामांजरांसाठीं येतो कीं नाहीं, हें सुखाच्या दिवशीं विचारून ठेवावें. आम्हीं विचारलें नव्हतें.

एवंच, आमच्यासारख्या गांवीं संकटाचे पहिले दोन-तीन तास घरच्या माणसांच्याच हातीं असतात. त्या तासांत काय करावें यापेक्षां काय करूं नये याचें ज्ञान अधिक मोलाचें, असें आमचें आतांचें मत आहे. शिकलेल्या घराला एक दुर्गुण असतो: आपल्याला थोडें कळतें असें त्याला वाटतें. शेजारच्या गवळ्याच्या घरीं कोणी मांजराला गोळी दिली नसती.

म्हणून माणसाच्या कपाटांतली कोणतीही गोळी पशुवैद्यास विचारल्यावांचून देऊं नये. मांजराला पॅरासिटामॉल तर कधींच नको. कुत्र्याला अंगदुखीची आयबुप्रोफेनची गोळी थोडी दिली तरी तिनें पोटांत व्रण पडतात आणि मूत्रपिंडें जातात. एका प्राण्याचें औषध दुसऱ्याचें विष कसें होतें याचा मोठा दाखला आपल्या देशानें पाहिलाच आहे: गुरांना टोंचलेलें डायक्लोफिनॅक त्यांच्या मेलेल्या देहांतून गिधाडांच्या पोटांत गेलें आणि आकाशांतलीं गिधाडें दिसेनाशीं झालीं, २००६ सालीं सरकारला तें औषध जनावरांसाठीं बंद करावें लागलें. औषधांप्रमाणेंच खाण्याचें. द्राक्षें, बेदाणे, मनुका यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें बिघडूं शकतात, आणि किती खाल्ल्यानें बिघडतील याचा नेम नसतो; प्रसादाच्या शिऱ्यांतले बेदाणे कुत्र्यापुढें टाकणारीं घरें आमच्या ओळखीचीं आहेत. कांदा आणि लसूण यांनीं रक्त नासतें. चॉकलेटही त्याच पंक्तींतलें.

उंदराचें औषध, फिनेल, पिकावरची फवारणी असें कांहीं पोटांत गेल्याचा संशय आला, कीं मीठपाणी पाजून ओकारी काढण्याची घाई सुरू होते. ती करूं नये. फिनेल किंवा रॉकेल वर येतांना पुन्हां घसा जाळतें आणि फुप्फुसांत उतरतें. निपचित पडलेल्या जनावराच्या तोंडांत दूध-तूप ओतणें हेंही तसेंच. तें पोटांत न जातां श्वासनलिकेंत जातें. ज्या पुडींतून विष गेलें ती पुडी किंवा बाटली बरोबर घ्यावी, किती वाजतां गेलें तें लिहावें, आणि निघावें. उतारा पुडीवरचें नांव वाचूनच ठरतो.

उन्हाळा हें आमच्या भागाचें दुसरें संकट. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. तें धापा टाकूनच अंग निववितें. त्याचें स्वाभाविक उष्णतामान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. तें १०५ वर गेलें कीं जीव धोक्यांत आला. हल्लीं बर्फाळ मुलखांतलीं केंसाळ कुत्रीं आणि चपट्या नाकाचीं कुत्रीं हौसेनें आणून मराठवाड्याच्या चैत्रवैशाखांत पत्र्याखालीं बांधण्याची चाल पडली आहे. ही हौस आम्हांस मुळींच समजत नाहीं. असें कुत्रें लाळ गाळीत कोसळलें, तर सावलींत आणून साध्या पाण्यानें पोट, कांखा आणि पाय भिजवावे, पंखा लावावा, आणि गाडींत खिडक्या उघड्या ठेवून न्यावें. बर्फांत बुडवूं नये. ताप १०३ पर्यंत उतरला कीं पाणी थांबवावें. नाहींतर तो गरजेपेक्षां खालीं जातो.

पावसाळ्यांत सापाची भीति. शेतांतल्या घरीं रात्रीं कुत्रें सापाच्या अंगावर जातें आणि बहुधा नाकाला किंवा पायाला दंश घेऊन येतें. येथें दोरी आवळणें, चिरा देणें, मंत्र घालणें यांपैकीं कांहींही न करतां त्याला चालूं न देतां उचलून न्यावें. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चारही सापांच्या विषावर आपल्या देशांत एकच मिश्र लस बनते. ती घोड्यांना थोडें थोडें विष टोंचून त्यांच्या रक्तांतून काढतात. परळची हाफकिन संस्था या कामाबद्दल प्रसिद्धच आहे. माणसाला जी कुपी तीच कुत्र्याला. सरकारी रुग्णालयांतल्या कुप्या माणसांसाठीं असतात आणि त्या तशाच राहाव्या; पण गांवांतल्या कोणत्या औषधविक्रेत्याकडे ती कुपी मिळते हें ठाऊक असेल, तर टोंचणारा हात शोधण्याइतकाच वेळ जातो. मनीच्या बाबतींत जें घडलें तेंच येथेंही: पुष्कळ वेळां औषध जवळ असतें, तें जवळ आहे हें मात्र आपणांस माहीत नसतें.

आतां एक गोष्ट अशी, कीं तींत मुक्या जीवाच्या आधीं घरांतल्या मुलांची काळजी करावयाची. कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळतां येत नाहीं, आवाज बदलतो. आणि घरचे म्हणतात, घशांत हाड अडकलें. मग कोणीतरी धीट माणूस त्याच्या तोंडांत हात घालून हाड शोधूं लागतें. पिसाळण्याचा एक प्रकार नेमका असाच दिसतो. त्यांत कुत्रें अंगावर येत नाहीं, उलट दीन होऊन कोपऱ्यांत बसतें, आणि त्याच्या लाळेंत मृत्यु असतो. अशा वेळीं हात घालूं नये, मुलांना दूर न्यावें, कुत्र्याला एका खोलींत कोंडून पशुवैद्यास बोलवावें. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर ती जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहीं लावूं नये. त्याच दिवशीं रुग्णालयांत जाऊन लस सुरू करावी. पाश्चरनें १८८५ सालीं एका मुलाला ही लस प्रथम टोंचली. तेव्हांपासून वेळेवर टोंचून घेणारा माणूस सहसा दगावत नाहीं, आणि रोगाचीं लक्षणें एकदां दिसल्यावर जवळजवळ कोणी वांचत नाहीं. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यांत आणि पुढें दरवर्षीं टोंचून घेतलें असेल तर हा सगळा परिच्छेद घराला अनावश्यक होतो. आमच्या आळींतल्या किती घरांनीं तें केलें आहे हें आम्हीं विचारून पाहिलें. उत्तर ऐकून रात्रीं झोंप लागली नाहीं.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड आतां एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर धाराशिवांतल्या दोन आणि सोलापूर-लातूर येथल्या एकेका पशुवैद्यांचे फोन आहेत, आणि रात्रीं कोण उचलतो, रविवारीं कोण उचलतो हें विचारून लिहिलें आहे. १९६२ आहे. सापाची कुपी ठेवणाऱ्या दुकानाचें नांव आहे. घरांतल्या कुत्र्याचें वजन आणि शेवटची लस टोंचल्याची तारीख आहे, कारण फोनवर डॉक्टर पहिल्यानें वजनच विचारतात. गाडी कोणी काढावयाची यावरून त्या दिवशीं दहा मिनिटें गेलीं होतीं, म्हणून दोन चुलतभावांचीं नांवें क्रमानें लिहिलीं आहेत. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत एक ओळ आहे: "गोळी देण्यापूर्वीं ढोराच्या डॉक्टरला विचारा." ती भाऊरावांनीं स्वतःच्या हातानें लिहिली.