आठ तास, पण कोणते?

२०२४ सालच्या दिवाळीत घरोघर एक वाद रंगला होता, तो वाचकांना आठवत असेल. लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला करायचे की १ नोव्हेंबरला? अमावास्या ३१ तारखेच्या दुपारी लागत होती आणि १ तारखेच्या संध्याकाळी संपत होती. म्हणजे दोन्ही दिवशी ती होतीच. प्रदोषकाळी ती किती सापडते, यावर पंचांगकर्ते भांडले, भटजी भांडले, सासवा-सुनाही भांडल्या. पण एकानेही असे म्हटले नाही की, 'अमावास्या एकंदरीत सव्वीस तासांहून अधिक आहे. तेवढी पुरे, पूजा केव्हाही उरका.' असे कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

पूजेच्या बाबतीत इतका चोखंदळ असलेला हा आपला समाज शेतीच्या विजेची गोष्ट निघाली की एकदम बेरजेवर का येतो, हे मला कळत नाही. 'शेतकऱ्याला आठ तास वीज देतो.' संपले! सभेत हेच, वर्तमानपत्रात हेच, विधिमंडळातल्या उत्तरात हेच. कोणते आठ, हे कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर देणाऱ्याच्या हातातल्या कागदावर तो रकानाच नसतो. माझे भांडण आहे ते या नसलेल्या रकान्याशी.

मी जन्मभर अमरावतीला शाळेत गणित शिकवले. माझा धाकटा भाऊ अकोट तालुक्यात वडिलांचे वावर सांभाळतो. रब्बीत गहू आणि हरभरा, दोन्हीला ओलीत. जिथे शेतीची वाहिनी अजून सौर प्रकल्पाला जोडलेली नाही, तिथे विजेची पाळी असते, हे वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक आहे: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्री दोन तास जास्त, ही मेहेरबानी! मात्र पाळीच्या कागदावर जी वेळ असते तीच प्रत्यक्ष तारेत उतरते असे नाही. म्हणून माणूस संध्याकाळपासूनच वावरात जाऊन बसतो. जागलीला पूर्वी माणसे पिकासाठी जात, हल्ली विजेसाठी जातात. माझा भाऊ एकदा मला म्हणाला, "दादा, घंटे मोजून मी काय करू? कोन्ते घंटे ते सांगा म्हना त्याइले." या एका वाक्यात जेवढे संख्याशास्त्र आहे, तेवढे मी पुष्कळ अहवालांत पाहिलेले नाही.

भावाची मुलगी, माझी पुतणी, कॉलेजात शिकते. तिने बापाच्या खिशातली वही घेतली आणि ती संगणकावरच्या कोष्टकात, म्हणजे एक्सेलमध्ये, उतरवली. रकाने तीनच: तारीख, वेळ आणि प्रकार. प्रकारही तिने साधेच ठेवले. वीज आली. वीज गेली. मोटार बंद पडली. डीपी जळाली. साप दिसला. बाबा घरी आले. मग तिने त्याचा आलेख काढला. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर दिवसाचे चोवीस तास आणि प्रत्येक प्रकाराला निराळा रंग. प्रत्येक घटनेचा एक ठिपका. बेरीज नाही, सरासरी नाही, टक्केवारी नाही. नुसते ठिपके! पण ते पाहिल्यावर माझी वहिनी, जिने एक्सेल आयुष्यात पाहिलेले नाही, ती बोट ठेवून म्हणाली, "हे पाहा, हा आठवडा हे झोपलेच नाहीत."

आता कोणी विद्वान म्हणेल की, ठिपके काय मांडता, सरासरी काढा. तर ऐका. एका रात्री वीज अकराला आली, दुसऱ्या रात्री एकला आली. घड्याळाच्या भाषेत २३ आणि १. बेरीज २४, निम्मे १२. म्हणजे शेतकऱ्याला वीज सरासरी दुपारी बारा वाजता मिळाली! गणित बिनचूक आहे, आणि उत्तर खोटे आहे. तास हे सरळ रेषेवर नसतात, ते वर्तुळावर असतात. तेवीसनंतर शून्य येते, हे यंत्राला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. यंत्राच्या पोटात वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. सकाळचे सहा म्हणजे ०.२५, दुपारचे बारा म्हणजे ०.५. रात्री दहाला आलेली वीज सकाळी सहाला गेली, तर ते सहातून दहा वजा करते आणि उणे सोळा तास हाती ठेवते. उणे सोळा तास वीज! तशी ती कधीकधी वाटते खरी, पण तो निराळा विषय.

यावर पुतणीने काढलेला तोडगा मला फार आवडला. तिने दिवस मध्यरात्री न तोडता दुपारी बाराला तोडला. तिच्या आलेखात उभी रेषा दुपारी सुरू होते, मध्ये रात्र येते आणि दुसऱ्या दुपारी संपते. त्यामुळे एक अख्खी रात्र एका ओळीत उभी राहते. आपल्या जुन्या माणसांचा दिवस सूर्योदयाला सुरू होई. मध्यरात्री तारीख बदलण्याची रीत साहेबाची. कचेरीतल्या बाबूला ती सोयीची, कारण त्या वेळी तो गाढ झोपलेला असतो. पण जो माणूस दहाला वावरात गेला आणि पाचला परतला, त्याची एक रात्र ही सुरी दोन तारखांत चिरते. अर्धे जागरण सोमवारच्या खात्यावर, अर्धे मंगळवारच्या. दोन्ही वारांच्या हिशेबात ते किरकोळ दिसते!

प्रकार कोणते ठेवायचे, यातही मोठे राजकारण आहे. आम्हांला मिळणाऱ्या खुलाशांत एकच लाडका प्रकार असतो: 'तांत्रिक बिघाड'. त्याच्या पोटात फ्यूज मावतो, तुटलेली तार मावते, जळालेली डीपी मावते. साप मात्र कोणत्याच नमुन्यात नसतो. मण्यार रात्री फिरते, घोणसही बहुतांशी रात्रीच. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, वर्षाला सरासरी ५८,००० असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली. हा आकडा भयंकर आहे, पण तो वाचून माझ्या भावाने आज बॅटरी कोणत्या पावलापुढे धरायची? रात्रीच्या पाळीचा ठिपका आणि सापाचा ठिपका एकाच कागदावर, एकाच वेळेच्या पट्टीत मांडा. मग विजेची वेळ ठरवणाऱ्याला आपण काय ठरवीत आहोत ते दिसेल. वीज एका खात्याच्या वहीत आणि साप दुसऱ्या खात्याच्या, तोवर दोघेही निर्दोष.

डीपीची गोष्ट तर याहून बोलकी. रात्री वीज कधी येईल याचा नेम नाही, म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच बसवतात. वीज आली की मोटार आपोआप चालू. गावातल्या सगळ्या मोटारी एका क्षणी चालू झाल्या की रोहित्रावर एकदम भार पडतो आणि ते जळते. म्हणून 'ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा' असा उपदेश वरचेवर होतो. उपदेश चूक नाही. पण पुतणीच्या आलेखात 'डीपी जळाली' हे ठिपके 'वीज आली' या ठिपक्यांना चिकटून बसलेले मी पाहिले, आणि तेही रात्रीच्या पट्टीत. दिवसा समोर उभे राहून मोटार लावता आली तर ऑटो स्विच कोण कशाला घेईल? दोष शेतकऱ्याच्या नावावर लिहिला गेला, कारण वेळेचा रकाना नव्हता.

शहरातल्या वाचकांनी हे शेतकऱ्यांचे रडगाणे म्हणून पान उलटू नये. अकोल्याला पाणी काटेपूर्णेचे, अमरावतीला ऊर्ध्व वर्ध्याचे. उन्हाळ्यात नळ किती दिवसांआड येणार याची चर्चा कट्ट्यावर होते. पण माझी बहीण वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, तिथे नळ पहाटे तीनला येतो आणि साडेचारला जातो. कागदावर 'दीड तास पाणीपुरवठा'. तो दीड तास घरातल्या कोणाच्या झोपेतून कापला जातो, हे मी सांगायला हवे काय? पुरुषमंडळी सकाळी उठून भरलेल्या हंड्याने तोंड धुतात. बहिणीला मी म्हटले, तूही ठिपके मांड. ती म्हणाली, "ठिपके मांडायला जागे राहावे लागत नाही, जागीच असते मी."

आणि ही विद्या काही नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या मारे नावाच्या शास्त्रज्ञाने आलेखांवर ग्रंथ लिहिला, त्यात पॅरिस ते लिऑं या मार्गावरच्या गाड्यांचा तक्ता आहे: एका बाजूला स्थानके, दुसऱ्या बाजूला तास, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेल्वेचे नियंत्रक याच जातीच्या तक्त्यावर गाड्या चालवतात. बडनेऱ्याहून मूर्तिजापूर ओलांडून अकोल्याला जाणारी प्रत्येक गाडी भुसावळ विभागाच्या नियंत्रण-कक्षात अशी रेघ होऊन धावते. दोन रेघा कुठे, किती वाजता भेटतात हे तिथे पाहावेच लागते. एखादा नियंत्रक म्हणाला की, 'आज गाड्या एकंदर इतके तास धावल्या, सरासरी समाधानकारक आहे', तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतील.

मग विजेच्या खात्याला हे येत नाही काय? अहो, त्याला हे आपल्याहून शतपटीने चांगले येते! देशभरातल्या विजेचे नियोजन दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून होते. कोणत्या पाव तासात किती वीज लागेल, कोणी किती उचलली, सारे नोंदलेले असते. कारखान्यांच्या बिलात तासांप्रमाणे दर बदलतो. २०२३ साली केंद्र सरकारने ग्राहक-हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून ही वेळेनुसार दराची पद्धत इतर ग्राहकांनाही लावायचे ठरवले, शेती तेवढी वगळून. वगळले ते शेतकऱ्याच्या भल्यासाठी, हे मला मान्य आहे. पण गंमत पाहा: ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे त्यांचा तास न् तास मोजायचा, आणि ज्याला रात्री चिखलात उभे करायचे त्याची फक्त बेरीज करायची!

दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना महाराष्ट्रात वीज मोफत आहे, मग कुरकुर कशाची? धर्माची गाय आणि दात का गं नाय! पण मला दात मोजायचे नाहीत. गाय रात्री दोन वाजता दारात आणून बांधू नका, एवढेच म्हणतो. पैसे माफ झाल्याने रात्र माफ होत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार होता, आणि मी 'होता' हा शब्द विचारपूर्वक लिहितो. रात्री कारखाने आणि कचेऱ्या थंडावतात, वीज शिल्लक राहते, ती शेतीला वळवणे शहाणपणाचे, असे सांगितले जाई. त्या काळी ते खरेच होते. पण आता सूर्याने हिशेब पालटला आहे. त्याच २०२३ च्या नियमांनी उन्हाच्या तासांतली वीज स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांतली महाग धरली आहे. आपल्या राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा काढला; हेतू हाच की शेतीला दिवसा वीज मिळावी. काही गावांत ती मिळू लागली आहे. वऱ्हाडात उन्हाची टंचाई कधी कोणी ऐकली आहे काय? मी या योजनेचा विरोधक नाही. माझी मागणी एवढीच की तिचे यश किती मेगावॅट बसवले यावर मोजू नका. गावागावांत रात्रीच्या पट्टीतले ठिपके किती उरले यावर मोजा.

त्यासाठी मुंबईहून काही यायला नको. प्रत्येक शेती-वाहिनीचा महिन्याचा एक आलेख ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. उभे तास, आडव्या तारखा, आणि दिवस दुपारी तोडलेला. वीज आल्या-गेल्याची वेळ उपकेंद्रात नोंदवली जातेच, ती छापायची. त्यावर गावाने आपले ठिपके आपल्या रंगाने मांडावेत: डीपी, साप, शॉक, रानडुक्कर. वरूड-मोर्शीच्या संत्रेवाल्याचे ठिपके निराळे येतील, अंजनगावच्या पानमळ्याचे निराळे; येऊ द्या. कंपनीचा रंग आणि गावाचा रंग एका कागदावर जुळले नाहीत तर कोणाचे घड्याळ मागे आहे ते चारचौघांत ठरेल. 'इतर' नावाचा प्रकार मात्र कोणालाही ठेवू देऊ नये.

माझ्या भावाच्या गावी पुतणीने असा एक कागद स्वतःच लावला आहे, देवळाच्या ओट्याशेजारी. या आठवड्यात पाळी रात्रीची आहे.