दोष सूर्याचा की जाळ्याचा?

२८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी साडेबारानंतर स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांची वीज काही सेकंदांत गेली. भरदुपार असल्याने अंधार झाला तो फक्त मेट्रोच्या बोगद्यांत आणि लिफ्टमध्ये अडकलेल्यांपुरता. पाच सेकंदांत स्पेनच्या जाळ्यातून सुमारे १५ हजार मेगावॉट वीज नाहीशी झाली. त्या घटकेला तिथली निम्म्याहून अधिक वीज सौरपट्ट्यांमधून येत होती. त्यामुळे निष्कर्ष लगेच तयार झाला आणि आपल्याकडच्या मोबाइलवरही फिरू लागला : सौरऊर्जेचा हट्ट धराल तर असेच बुडाल.

स्पेन सरकारने दोन महिन्यांच्या आत चौकशी अहवाल जाहीर केला. त्यातले कारण वेगळेच होते. जाळ्यातला विद्युतदाब प्रमाणाबाहेर वाढला. तो आवरण्याची जबाबदारी ज्या पारंपरिक वीजकेंद्रांवर होती आणि ज्यासाठी त्यांना पैसेही मिळत होते, त्यांनी ती पुरेशी पार पाडली नाही. त्या दिवसासाठी अशी केंद्रे नेमलीही कमी होती. दाब वाढताच एकेक केंद्र स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला झाले आणि दर वेळी दाब आणखी चढला. सौर प्रकल्पांची यंत्रे दाब आवरायला मदत करू शकली असती, पण तिथल्या नियमांनी त्यांच्यावर ते काम सोपवलेच नव्हते. घरात धडधाकट माणूस आहे, पण त्याला कामच सांगायचे नाही, असा तो प्रकार.

याचा अर्थ लोकांची काळजी पोकळ आहे असे नाही. आपल्या जाळ्यातल्या विजेची वारंवारिता सतत ५० हर्ट्झच्या आसपास ठेवावी लागते. कोळशाच्या किंवा पाण्याच्या केंद्रात फिरणारे टनावारी वजनाचे चक्र मागणी अचानक बदलली तरी लगेच थांबत नाही, धक्का पचवते. सौरपट्टीत फिरणारे काहीच नसते. ही उणीव बॅटरीने, विशेष इन्व्हर्टरने किंवा इंधनाविना नुसत्या फिरत ठेवलेल्या यंत्रांनी भरून काढता येते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ साली वादळाने मनोरे पाडले आणि सारे राज्य अंधारात गेले, त्यानंतर तिथे हेच केले गेले. मात्र त्याला पैसे पडतात. सौर विजेचा स्वस्त दर सांगताना हा खर्च अनेकदा गाळला जातो, आणि ते प्रामाणिकपणाचे नाही.

आपल्या देशातले सर्वांत मोठे वीजसंकट आले तेव्हा सौरऊर्जा नावापुरतीच होती. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्येची जाळी कोसळली. ६० कोटींहून अधिक लोकवस्तीच्या भागाला झळ बसली. कारण होते कमकुवत वाहिन्यांवर पडलेला जास्तीचा भार. उलट उदाहरणही आपलेच आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊला देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली. जलविद्युत केंद्रांनी वीज झपाट्याने कमी केली, मग तितक्याच झपाट्याने वाढवली, आणि जाळे टिकले. तयारी आधी झाली होती, एवढेच त्यामागचे रहस्य.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईत मात्र तयारी अपुरी पडली. कळवा-पडघा परिसरातल्या ४०० केव्ही वाहिन्यांवर बिघाड झाले आणि सकाळी दहाच्या सुमारास शहराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते, रुग्णालये जनित्रांवर आली. पुढे २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. चर्चा हॅकर की कर्मचारी यातच अडकली. खरे तर बाहेरचे जाळे कोसळले की मुंबईने आपोआप वेगळे होऊन स्वतःच्या विजेवर तग धरावा, यासाठी ‘आयलंडिंग’ची योजना १९८०च्या दशकापासून होती. त्या सकाळी ती निकामी ठरली. हल्ला असो वा चूक, तटबंदी ढासळली हे तर उरतेच.

आरोग्य केंद्रांचा प्रश्न याहून साधा आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. अनेकांना वाटते की छतावर सौरपट्ट्या असल्या की वीज जाणार नाही. जाळ्याला जोडलेला साधा संच बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडतो. तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल, म्हणून तशी रचना असते. बॅटरी आणि जाळ्यापासून वेगळे होऊ शकणारा इन्व्हर्टर नसेल, तर उन्हात चमकणाऱ्या पट्ट्यांखालीही प्राथमिक आरोग्य केंद्रातला नवजात बाळाचा वॉर्मर थंड पडतो, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर थांबतो. लसींच्या फ्रीजमध्ये बर्फाचे अस्तर असते, तो काही तास निभावून नेतो. बाळाजवळ तेवढा वेळ नसतो. तेव्हा एखाद्या केंद्राच्या छतावर किती किलोवॉट बसवले याच्या आकड्याआधी, वीज गेल्यावर तिथे कोणती उपकरणे किती तास चालतात, हे विचारायला हवे. बॅटरीविना उभारलेल्या संचाचे उद्घाटन बिलाच्या बचतीसाठी जरूर करावे, रुग्णसुरक्षेसाठी केले असे म्हणू नये.

मुंबईला २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही नवी ४०० केव्ही वाहिनी मिळाली, ते चांगलेच झाले. आता आयलंडिंगची चाचणी शेवटची कधी झाली, त्यात शहराचा किती भाग टिकला, हे दोन आकडे दरमहाच्या वीजबिलाच्या मागच्या बाजूला छापायला काय हरकत आहे? तिथे जागा भरपूर असते.