ओवाळणी आणि सातबारा



हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर वर्तमानपत्रांची पहिली पाने दिवाळीच्या जाहिरातींनी झाकून गेलेली असतील. पाडव्याला बायकोच्या गळ्यात हार घालणारा नवरा, भाऊबीजेला बहिणीच्या ताटात मोबाइल ठेवणारा भाऊ, दिवाळसणाला नव्या गाडीची किल्ली हातात घेऊन हसणारा जावई. जावयाचे चित्र सोडले तर या सगळ्यांत बाई घेणारी असते आणि तिचा चेहरा उजळलेला असतो. त्या उजेडामागे काय काय दिसेनासे होते, त्याचा थोडा हिशेब या वेळी मांडावा असे वाटले.

आधीच एक सांगते. सण आला की या स्त्रीमुक्तीवाल्या नाक मुरडतात, हा आरोप आपल्याला जुनाच आहे. मला देण्याघेण्याचा राग नाही. माणसे एकमेकांना काही देतात, त्यासाठी आठवण ठेवतात, ही चांगलीच गोष्ट आहे. ‘चंगळवाद’ हा शब्दही मी जपून वापरते, कारण आपल्याकडे तो बहुधा बायकांच्या खरेदीसाठी राखून ठेवलेला असतो. पुरुषाने मोटारसायकल घेतली की ती गरज, बाईने दोन साड्या घेतल्या की ती चंगळ! माझा प्रश्न वेगळा आहे. गेल्या तीसेक वर्षांत बाजार मोकळा झाला, त्यात बाई कोणत्या दाराने आत आली?

सण कसे बदलले ते आठवून पाहा. धनत्रयोदशीला बहुतेक मराठी घरांत धणे-गुळाचा नैवेद्य आणि यमासाठी दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा, एवढेच असे. सोने लुटायचे ते दसऱ्याला, आणि तेही आपट्याच्या पानांचे. खानदेशात अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी. सासुरवाशिणींनी माहेरी यायचे, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. वर्षभर राबणाऱ्या लेकीला चार दिवस कुणी ‘ऊठ’ म्हणत नसे, हीच तिची भेट. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण. ही वाणे बिनपैशाची नव्हती आणि विषमतेवाचूनही नव्हती, हे मान्यच आहे. जावयाला वाण आणि सुनेला काम ही वाटणी बाजाराने आणलेली नाही. पण अनारसे घरच्या तांदळाचे असत, त्यांना एक मर्यादा होती.

१९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. १९९१पासून आयातीची आणि परदेशी कंपन्यांची दारे उघडत गेली, घरोघर उपग्रह वाहिन्या आल्या, पाठोपाठ हप्त्यांची उधारी सोपी झाली. आज धनत्रयोदशी आणि आखाजी हे सोनेखरेदीचे मुहूर्त झाले आहेत आणि धोंड्याच्या महिन्यात अनारशांखाली चांदीचे ताट आले आहे. शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांची भूल तर इतकी पसरली की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेला २०१३ साली बँकांना बजावावे लागले.

बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे कारण विचारले की ‘घरखर्च’ असे लिहिले जाते. जरा खोदून विचारले की त्यातून लेकीचा दिवाळसण बाहेर पडतो. हुंडा मागणे गुन्हा आहे हे आता सासरच्यांनाही पाठ झाले आहे. म्हणून मागत कुणीच नाही. ‘तुमच्या हौसेने काय ते करा’ एवढेच म्हणतात. १९६१च्या हुंडाबंदी कायद्यात लग्नाच्या वेळी रीतीप्रमाणे दिलेल्या भेटींना सवलत आहे, पण त्यांची यादी ठेवावी असे १९८५चे नियम सांगतात. अशी यादी केलेले किती विवाह तुम्ही पाहिलेत? दिवाळसणाची तर यादीही नाही. हौसेला मर्यादा घालणारा कायदा करणे कठीणच, आणि जाहिरातीचे तर कामच हौस वाढवण्याचे.

गंमत अशी की मुक्त बाजाराच्या अर्थशास्त्राला भेटवस्तू फारशी पसंत नाही. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक लेख लिहिला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्याने विचारले, भावनेचे मोल बाजूला ठेवा, मिळालेल्या वस्तूसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून त्याने हिशेब काढला की भेटीच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वायाच जातो. आपल्याला काय हवे ते ज्याचे त्याला कळते, म्हणून रोख पैसे द्यावेत हे बरे, असा या विचाराचा रोख. आपल्याकडे ओवाळणीच्या ताटात वस्तूऐवजी पाकीट आले, तेव्हा हा लेख कुणी वाचला नव्हता, पण व्यवहार तोच.

मला हा हिशेब अपुरा वाटतो. घेणाऱ्याची पसंती त्यात आहे, पण कुणाला काय द्यायचे ते लक्षात ठेवणारी, दुकाने फिरणारी, फराळाचे डबे भरणारी, नणंदेच्या साडीचा रंग मागच्या वर्षीसारखा नको म्हणून जपणारी बाई त्यात नाही. नवऱ्याच्या बहिणीची ओवाळणीही बहुधा तीच आणते, आणि ताटात टाकतो तो. पाडव्याच्या साडीचे पैसे कुठून येतात? अनेक घरांत तिनेच वर्षभर वाचवलेल्या पैशांतून. मिक्सर ही नवऱ्याची भेट ठरते आणि त्यातली चटणी घर खाते. मिळालेला दागिना तिचा की घराचा, हे तो गहाण टाकायची वेळ आल्यावरच कळते. स्त्रीधनावर बाईचाच संपूर्ण हक्क आहे, सासरच्यांकडे ते केवळ ठेवायला दिलेले असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितले. तरी पतसंस्थेच्या खिडकीशी दागिना घेऊन उभ्या असलेल्या बाईला हा निकाल कुणी सांगितलेला नसतो.

आता भाऊबीजेकडे येते, कारण खरा हिशेब तिथेच अडतो. हिंदू मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत १९५६पासून वारसाहक्क आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत तिला जन्माने वाटेकरी करणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळले. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही, हेही २०२०मध्ये विनीता शर्मा खटल्यात ठरले. कायदा एवढा पुढे आला आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बहिणींची रांग तशीच आहे. हक्कसोडपत्रावर सही करायला भावाने स्वतःच्या गाडीतून आणलेले असते. वाटेत जेवण, जाताना साडी. बिनामोबदला, राजीखुशीने, असे कागदावर लिहिलेले असते.

या बायका भोळ्या असतात असे मला वाटत नाही. माहेर तुटले तर नवऱ्याने हाकलल्या रात्री जायचे कुठे, हा विचार त्या सहीमागे असतो. जमिनीचा हिस्सा सोडून त्या माहेरचे उघडे दार विकत घेतात आणि दर भाऊबीजेची ओवाळणी ही त्या सौद्याची पावती असते. सौदा महागात पडतो. गुंठ्याचे भाव वर्षाला चढतात, रस्ता जाणार, कारखाना येणार म्हणून भावाच्या हाती नुकसानभरपाईचे लाखो रुपये येतात, आणि बहिणीच्या ताटात त्या वर्षी जरा जड साडी पडते. दारही उघडे राहीलच याची खात्री नाही. ते पुढे भावजयीच्या आणि भाच्यांच्या हाती जाते.

म्हणजे बाई या बाजारात ग्राहक म्हणून आली, भेट घेणारी म्हणून आली, मालक म्हणून नाही. ‘या दिवाळीला बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लावा’ अशी जाहिरात मी तरी पाहिलेली नाही. फेरफार नोंदवून कुठल्या दुकानाचा गल्ला भरणार?

पण सगळा दोष बाजाराच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. महाराष्ट्रात मुक्त बाजाराची बाजू सर्वांत ठामपणे मांडली ती शरद जोशी यांनी, आणि त्यांच्याच शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ चालवली. घरच्या लक्ष्मीच्या श्रमांचे ऋण फेडायचे म्हणून शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करावी, आणि गावातल्या शंभर जणांनी तसे केले की ते गाव लक्ष्मीमुक्तीचे. त्या मोहिमेबद्दल आपल्यात मतभेद होते, आजही आहेत. देणारा नवराच राहतो, परित्यक्तेचे काय, हे प्रश्न तेव्हाही विचारले गेले. मला त्यातला एक शब्द महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे ऋण. भेट द्यावी की न द्यावी हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ऋण मागता येते.

सरकारही हल्ली भाऊ झाले आहे. १९७५पासून चालू असलेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या अंगणवाडी सेविकेला आजही पगार नाही, मानधन आहे, आणि दिवाळीला राज्य सरकार तिला दोन हजार रुपये देते त्याचे नाव ‘भाऊबीज भेट’. या बायकांनी डिसेंबर २०२३पासून जानेवारी २०२४पर्यंत संप केला तो भेटीसाठी नव्हता. वेतन, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन मागायला त्या बसल्या होत्या. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालय २०२२ सालीच सांगून चुकले होते. २०२४मध्ये आलेल्या योजनेचे नाव लाडकी बहीण, आणि पहिले पैसे खात्यात पडले ते रक्षाबंधनाच्या तोंडावर. महिना दीड हजार रुपये ज्या घरात तेल-मिठाला पुरतात, तिथे त्यांना नावे ठेवणारी मी कोण? पण बहीण लाडकी असेपर्यंत मिळणारे पैसे आणि नागरिक म्हणून मिळणारे पैसे यांत फरक आहे.

पुण्यात १९८०च्या संपातून उभ्या राहिलेल्या मोलकरणींच्या संघटनेला हा फरक पक्का ठाऊक आहे. दिवाळीला जुनी साडी आणि डबाभर चिवडा नको, महिन्याचा पगार बोनस म्हणून द्या, अशी घरकामगारांच्या संघटनांची मागणी आहे. कारखान्यातल्या कामगाराला १९६५च्या कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस ठरला. आपल्या घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईला तो लागू झाला नाही, कारण घर हा कारखाना नाही. आपल्यापैकी अनेकींच्या घरी अशी बाई येते, तेव्हा हा परिच्छेद स्वतःला लावून वाचावा.

या दिवाळीला गटांनी एक करून पाहावे. भाऊबीजेनंतरच्या बैठकीत प्रत्येकीने तीन गोष्टी सांगाव्यात. माहेरच्या सातबाऱ्यावर किंवा घराच्या कागदावर आपले नाव आहे का, नसल्यास ते कधी आणि कुठल्या सहीने गेले, आणि गेल्या दहा वर्षांत ओवाळणीत काय काय मिळाले. ज्यांना कागद पाहायचा आहे त्यांनी तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार मागून घ्यावेत, एकटीने न जाता दोघीतिघींनी मिळून जावे. ज्यांच्यापुढे हक्कसोडपत्र आलेले आहे त्यांनी ओवाळणी जरूर घ्यावी, सही मात्र वकील मैत्रिणीला कागद दाखवेपर्यंत थांबवावी. गटागटांतून आलेले हे हिशेब, नावे न देता, आम्ही पुढच्या अंकात छापू. पत्रे डिसेंबरअखेर पोचतील असे पाहा.