परदेशातली जयंती हॉलबाहेर कधी येणार?



१४ एप्रिलला आपल्याकडे सुट्टी असते. लंडन, न्यूयॉर्क किंवा दुबईत तो बहुधा कामाचा दिवस असतो. म्हणून तिथले आपले लोक पुढच्या शनिवार-रविवारी हॉल भाड्याने घेतात, त्रिसरण-पंचशील घेतात, भीमगीते गातात, खीर वाटतात. यावर इथले काही कार्यकर्ते नाक मुरडतात. "डॉलर कमावतात, वर्षातून एकदा फोटो टाकतात, झाली यांची चळवळ!" हा टोमणा मला मान्य नाही.

परदेशी ऑफिसात दिवाळी साजरी करायला काहीच किंमत मोजावी लागत नाही. दिवे लावले, पेढे वाटले की माणूस 'भारतीय' ठरतो. पण १४ एप्रिलची रजा मागितली किंवा टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला, की गोऱ्या साहेबाला काही कळो न कळो, शेजारच्या भारतीय सहकाऱ्याला जात कळते. तोच सहकारी उद्या तुमचा मॅनेजर होणार असेल आणि तुमचा व्हिसा नोकरीवर टिकून असेल, तर गप्प राहणे म्हणजे विसरणे नव्हे. ती भीती आहे, आणि ती खरी आहे.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध वाचताना बाबासाहेबांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांचा हवाला दिला होता. हिंदू जगभर पसरले तर जात हा जगाचा प्रश्न होईल, असा त्याचा आशय. तेव्हा बाबासाहेब २५ वर्षांचे होते. आज त्याची प्रचीती येते आहे.

म्हणून परदेशातली जयंती हा निव्वळ सण राहू शकत नाही. २०१६ मध्ये १२५ वी जयंती संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात साजरी झाली, याचा अभिमान आहेच. पण २१ फेब्रुवारी २०२३ ला सिॲटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, ते मला त्याहून मोठे वाटते. अशी बंदी घालणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी तसेच विधेयक मंजूर केले. गव्हर्नर न्यूसम यांनी, आहेत ते कायदे पुरेसे आहेत असे सांगून, ते नाकारले. विरोधक म्हणत होते, अशा कायद्याने समाजाची बदनामी होते. मग प्रश्न सरळ आहे: तुम्ही भेदभाव करतच नसाल, तर बंदीची भीती कशाला?

तेव्हा परदेशातल्या तरुणांनो, हॉल जरूर घ्या, पण त्यात एक तास कायद्यासाठी ठेवा. तुमच्या देशात, शहरात, विद्यापीठात जातिभेदाची तक्रार करता येते का, कुठे करायची, हे सांगणारा माणूस बोलवा. कृष्णवर्णीय, स्थलांतरित, कामगार संघटनांना निमंत्रण द्या. आणि कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. आखातात सार्वजनिक जमावाला परवानगी लागते. तिथल्या कामगारांनी खोलीत मेणबत्ती लावली तरी ती जयंतीच.

इथल्या कार्यकर्त्यांनाही सांगणे आहे. ज्यांना उघड्यावर येता येत नाही, त्यांना हिणवू नका. एकट्याने जात उघड करणे हे धाडस असते. सगळे मिळून बोलले की ते संघटन होते. संघटन उभे करणे हे आपले काम आहे, एकेकट्याच्या धाडसाची परीक्षा घेणे नव्हे.

जय भीम!