उशिरांचीं फुलें

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस आमच्या शाळेंतील कांहीं शिक्षक व विद्यार्थी असे आम्ही उत्तराखंडांतील फुलांच्या घाटीस जाऊन आलों. घांघरियाहून घाटीची वाट चढूं लागलों, तेव्हां परतणारा जो तो म्हणे, "फार उशिरां आलांत, फुलें संपलीं." हें ऐकून आमच्यांतील कित्येकांचा हिरमोड झाला. परंतु तो दिवस त्या वाटेवर घालविल्यानंतर आमचें मत असें झालें आहे कीं, लोक जो काळ संपलेला समजतात, त्यावरच घाटीचें पुढील वर्ष अवलंबून असतें. म्हणून माणसानें तेथें तेव्हांच सर्वांत जपून पाऊल टाकावें.

ही घाटी समुद्रसपाटीपासून सुमारें साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. १९३१ सालीं कामेत शिखर सर करून परततांना फ्रँक स्माइथ व त्यांचे सोबती येथें उतरले, आणि १९३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्माइथ यांच्या पुस्तकामुळें तिचें नांव दूरवर पसरलें. १९८२ सालीं ती राष्ट्रीय उद्यान झाली व २००५ सालीं जागतिक वारशांत तिचा समावेश झाला. जून ते ऑक्टोबर एवढेच महिने ती पाहणाऱ्यांस खुली असते. पुढें सर्व बर्फाखालीं जातें.

तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी आपल्याकडे म्हण आहे. ह्या घाटींतही तेरड्याच्या जातीचें एक उंच झाड आहे. त्याचीं गुलाबी फुलें बहुतेक गळून गेलीं होतीं. परंतु पिकलेल्या बोंडास बोट लागतांच तें तडकन फुटे व बीं दूर उडे. रंग गेला म्हणून काम संपलें नव्हतें, हें त्या बोंडानें आम्हांस दाखविलें.

गवतांत वीतभरही उंच नसलेलीं निळीं जेन्शियन अजून फुललेलीं होतीं, आणि त्यांवर अंगभर दाट लव असलेले मोठे भुंगे बसत होते. ह्या भुंग्यांचा बहुतेक सारा परिवार थंडीपूर्वीं मरतो. उरते ती नवी राणी. ती हंगामाच्या अखेरच्या फुलांवर आपलें पोषण करून घेते, जमिनींत शिरून हिवाळा निजून काढते व बर्फ वितळल्यावर एकटीच नवें घर मांडते. अर्थात् आज राहिलेलीं थोडीं फुलें हीच तिची शिदोरी होय. पलीकडे भूर्जवृक्षांचीं पानें पिवळीं झालीं होतीं व त्यांखालीं मोनाल पक्षी वांकड्या चोचीनें कंद उकरीत होता. दगडांच्या राशींत पायका नांवाचा, सशाच्या वर्गांतील बिनशेपटीचा चिमुकला प्राणी पानें कुरतडीत बसला होता. तो शीतनिद्रा घेत नाहीं. सारा हिवाळा त्यास जागेपणींच काढावा लागतो.

येथें आमचाच एक दोष सांगितला पाहिजे. आमच्या एका विद्यार्थ्यानें संग्रहवहीसाठीं जेन्शियनचीं चार रोपें मुळांसकट उपटलीं. राष्ट्रीय उद्यानांत असें करणें कायद्यानें निषिद्ध आहे. तें त्यास आधीं सांगणें हें आमचें काम होतें, आणि तें आम्हीं केलें नव्हतें. तो म्हणाला, "सर, हंगाम तर संपलाच आहे. चार फुलांनीं काय उणें होणार?" आमचा वाटाड्या रागावला नाहीं. तो एवढेंच म्हणाला कीं, त्यांच्याकडे जुनीं माणसें नंदाष्टमीच्या सणापूर्वीं ब्रह्मकमळास हात लावूं देत नसत. बीं धरण्यापूर्वीं फूल तोडलें तर पुढें देवीस वाहावयास फूल कोठून येणार, हें त्या रूढींतील शहाणपण आम्हांस पुस्तकें वाचूनही सुचलें नव्हतें. चार फुलांनीं उणें होत नाहीं, हें खरें. परंतु वाटेनें जाणारा प्रत्येक जण चारच फुलें तोडीत असतो.

आमच्या शाळेंत उत्तम संग्रहवहीस दरवर्षीं बक्षीस मिळतें. आमची सूचना अशी कीं, शेताच्या बांधावरील विपुल रोपांचा संग्रह खुशाल करावा. परंतु अशा दुर्मिळ स्थळांची वही चित्रांची व टिपणांचीच असावी, आणि बक्षिसासाठीं तिला तोच मान द्यावा. कोणी म्हणेल, प्रत्यक्ष फूल हातीं असल्यावांचून शिक्षण पुरें होत नाहीं. आम्हांस तें पटत नाहीं. तीं चार रोपें आम्हीं परततांना चौकीवर देऊन टाकलीं. त्यापूर्वीं तो विद्यार्थी वाटेच्या कडेस बसून दुसऱ्या एका जेन्शियनचें चित्र काढीत होता. ढग आला तेव्हां फूल हळूहळू मिटलें आणि ऊन पडल्यावर पुन्हां उघडलें, असें त्यानें चित्राखालीं लिहून ठेविलें आहे. दाबून ठेविलेल्या फुलांत त्यास हें कधींच दिसलें नसतें.