बघणाऱ्यालाच मार

अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी, 21 ऑगस्ट 2013 ला, त्याच पुण्यात एक चित्रपट दाखवला म्हणून फिल्म इन्स्टिट्यूटची पोरे बडवली गेली. मारणारे अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचे होते, असा विद्यार्थ्यांचा आरोप होता. चित्रपट कुठला, तर आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’. त्याला राष्ट्रीय पुरस्कार आहे. मारहाण झाली ती राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. दिल्लीत शाल-श्रीफळ आणि पुण्यात लाथा!

या चित्रपटात आहे तरी काय? 11 जुलै 1997. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, माणसे रस्त्यावर आली आणि राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या. दहा जण मेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलिसांनी सांगितले. टँकर कुठे उभे होते आणि माणसे कुठे पडली, हे कॅमेरा दाखवतो. दोन्हींमधले अंतर ज्याचे त्याने बघावे. पोलिसांची अडचण तेवढ्या अंतरातच आहे.

न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबाराचा ठपका राखीव दलाचे उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर ठेवला. कदम यांना जन्मठेप झाली ती 2009 मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. मग शिक्षेला स्थगिती आणि जामीन. पटवर्धनांना चित्रपट पुरा करायला चौदा वर्षे लागली, ती उगाच नव्हेत. खटला संपेना, तर चित्रपट कसा संपणार?

लोखंडवालाच्या चकमकीवर तारे-तारका घेऊन चित्रपट निघाला, तो लोकांनी शिट्ट्या वाजवत पाहिला. रामगोपाल वर्मांचा 26/11 वरचा चित्रपट 2013 च्या मार्चमध्ये लागला. हेच वर्मा 2008 मध्ये त्या हल्ल्यानंतर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांसोबत ताज हॉटेलमध्ये फिरून आले होते, तेही रक्त नीट वाळायच्या आत. गोळीबाराच्या चित्रपटाचे आम्हाला वावडे नाहीच. गोळी गुंडाची असली, अतिरेक्याची असली, तर तिकीट काढून बघू. ती सरकारी असली आणि छाती झोपडपट्टीतली असली, की लगेच भावना दुखावतात. कुणाच्या? रमाबाई नगरातल्या आयांच्या तर नव्हेत. त्या चित्रपटात बोलल्या आहेत.

रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या झोपडीत गळफास घेतला. डोक्याला निळे फडके बांधले होते. आयुष्य डाव्या चळवळीत गेले, मरताना कपाळावर आंबेडकरी निळे. चित्रपट या फडक्याचा अर्थ शोधत निघतो आणि कबीर कला मंचाच्या तरुण शाहिरांपाशी पोहोचतो. त्यांतली शीतल साठे 2013 च्या एप्रिलमध्ये विधान भवनाबाहेर पोलिसांच्या स्वाधीन झाली, तेव्हा ती गरोदर होती. जामीन मिळाला तो जूनमध्ये. आधी गाणारी बाई तुरुंगात आणि मग चित्रपट पाहणारी पोरे इस्पितळात, असे ते तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबा पाटलांचे गृहखाते.

हे पुण्याचे लचांड, आपल्याला काय, असे आंबिवलीजवळच्या आपल्या मोहन्यात कुणी म्हणू नये. इथल्या एनआरसी कारखान्याला 2009 मध्ये टाळे लागले. थकलेल्या देण्यांसाठी गेटवर खेटे घालणाऱ्या कामगारांना ठाऊक आहे, की ज्याच्यावर कॅमेरा जात नाही त्याचे म्हणणे कुणी ऐकत नाही. आंबिवलीहून लोकल धरून आपण रोज मुलुंड, घाटकोपर ओलांडतो. रमाबाई नगर किती लांब आहे?

 गणपतीत रेकॉर्ड डान्सला मांडव असतात, तर एक रात्र पडदाही लावता येईल. मंडळांनी मनावर घ्यावे, पोलिसांनी आडवे येऊ नये. चित्रपट तीन तासांहून मोठा आहे, सतरंजी घरून आणा.