गाडीतल्या पेनड्राइव्हवर गायकाचे नाव का नसते?

धागा. विषय साधा वाटेल, पण इतिहासाच्या साधनांशी त्याचा थेट संबंध आहे.

इस्लापूरहून किनवटकडे निघालेल्या एखाद्या काळीपिवळी जीपमध्ये बसा. टेपमध्ये बोटाएवढा पेनड्राइव्ह खोचलेला आणि पडद्यावर ‘ट्रॅक ०७’ एवढीच अक्षरे. गाणे कधी भीमगीत, कधी बंजारा बोलीतले, कधी तेलुगू. (हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, तेव्हा या मिश्रणाचे नवल नको.) गातो कोण, हे बहुधा चालकालाही ठाऊक नसते.

सीडी गेल्याने आवाजाचा दर्जा गेला, अशी हळहळ शहरात ऐकू येते. मला ती फारशी पटत नाही. सीडीवर एका मिनिटाच्या संगीताला सुमारे १० एमबी जागा लागते, १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला जेमतेम १. ज्या तबकडीवर ८० मिनिटे मावत, तिच्यावरच बारा तास मावू लागले. ४ जीबीच्या पेनड्राइव्हवर तर जवळपास सत्तर. खड्ड्यात सुई अडखळावी तशी अडखळणारी सीडी आणि डिझेल इंजिनाची घरघर यांपुढे दर्जाची तक्रार कोण करणार?

हरवले ते नाव.

कॅसेटच्या डबीत कागद असे. १९८४ साली स्वामित्वहक्क कायद्यात आलेल्या ५२-अ कलमानुसार ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारक आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक झाले. गंमत अशी की गायकाचे वा कवीचे नाव या यादीत नाही! ते छापले जाई, कारण नावावर माल खपे.

ऑडिओ सीडी आली तेव्हाही नावे कागदावरच राहिली. तबकडीत सहसा फक्त ध्वनी आणि गाण्यांच्या लांबीची नोंद. संगणकात सीडी घातल्यावर नावे दिसत, ती सीडीडीबी नावाच्या सूचीतून: गाण्यांच्या लांबीचा मेळ घालून, कुणा श्रोत्याने आधी भरलेली नावे तेथून येत. लहान प्रादेशिक कंपनीच्या तबकडीची नोंद कुणी केलीच नसेल, तर उरे ‘ट्रॅक ०१’.

पुढे १९९६ मध्ये एमपीथ्री फाइलच्या शेपटाला नावाची चिठ्ठी जोडण्याची सोय झाली, आयडीथ्री. पहिल्या आवृत्तीत एकूण १२८ बाइट; गाण्याला ३०, गायकाला ३०. कवीसाठी रकानाच नाही, आणि देवनागरीची सोयही नाही. म्हणजे हा विसर केवळ आपल्या आळसातून आलेला नाही. तो यंत्राच्या घडणीतच होता.

आपल्या मौखिक परंपरेने मात्र हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. अभंगाच्या शेवटी संतकवीची नाममुद्रा येते. भीमगीतांच्या शाहिरांनीही ती रीत चालवली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते कितीतरी कंठांनी गायिली, तरी अखेरच्या कडव्यात ‘वामन’ भेटतो. कागद हरवला तरी गाणेच साक्ष देते. डीजेच्या मिश्रणात ते अखेरचे कडवे कापले गेले, की हा पुरावाही संपतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड आल्यामुळेच कोणत्याही कंपनीने न छापलेली गोंडी, बंजारा गाणी गावोगाव फिरली. हे मान्यच. पण म्हणूनच चिंता अधिक. त्या गाण्यांना कंपनी नाही, कागद नाही, खतावणी नाही. फाइलचे नाव हाच त्यांचा एकमेव दस्तऐवज, आणि तेथे लिहिलेले असते ‘न्यू साँग २’. उद्या कुणी या भागातील लोकगीतांचा इतिहास लिहायला बसेल, तर गायिका कोण, गाव कोणते, हे कुठून काढणार?

तेव्हा घरातल्या जुन्या कॅसेटी भंगारात घालण्यापूर्वी आतल्या कागदाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. वर्ष बहुधा बारीक अक्षरांत मागे असते. फाइलचे नाव आता देवनागरीत देता येते: गायक, कवी, गाव, वर्ष. आणि जीपमध्ये बसलात तर चालकाला विचारा, हा पेनड्राइव्ह कुठून भरून आणला. मोबाईल दुकानदाराच्या संगणकात मूळ फोल्डर अजून असू शकते.